नवमीचं पाणी

आबांना पोहता येत नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्या शुक्रवारी आम्ही त्यांना खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर एकटं उभं केलं.

आबा म्हणजे साहेबांचे वडील. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. साहेब इथे आखातात गॅसच्या प्लांटवर इंजिनियर आहेत. अल गराफातल्या त्यांच्या घरी मी चार वर्षं स्वयंपाकाला आहे, मागच्या खोलीत राहते. आबा जानेवारीत व्हिजिट व्हिसावर आले. त्यांच्या बॅगेत चटणी आणि शेंगदाण्याच्या लाडवांबरोबर एक लांब कापडी पिशवी होती. तिच्यात तीन तुकड्यांत उघडणारी गळाची काठी होती, आणि एका पत्र्याच्या डबीत कोंबड्याची पिसं.

"विमानतळावर कुणी विचारलं नाही?" ताईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, डबी उघडून पाहिली.

"विचारलं की. म्हटलं, कोंबडा खाल्ला, आठवण ठेवलीय."

दुपारी घर रिकामं झालं की आबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचे. गळाच्या दांडीला पिसं गुंडाळायची, वर ताईंच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा आवळायचा, आणि झाली माशी. खरी माशी नव्हे, पिसांची. काश्मीरात पोस्टिंगला असताना त्यांच्या मेजरसाहेबांनी त्यांना हे शिकवलं होतं. तिथे वर डोंगरात एक तळं होतं. ऐन उन्हाळ्यातही कडेला बर्फ असायचा. त्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा, पाण्यावर बसलेले किडे टिपणारा. म्हणून काठीनं दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची आणि ही खोटी माशी पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटलं पाहिजे, आत्ताच येऊन बसली.

आबांची बोटं थरथरायची, म्हणून दोऱ्याचं टोक मी धरायचे.

"तुमच्यात कसा धरतात गं मासा?"

"कोळंबी लावून."

"मग त्यात माशाची काय चूक? कोळंबी लावली तर मीबी येईन गळाला."

मी हसायचे. त्यांना कानाला यंत्र होतं, तरी मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही. त्यामुळे आमच्यात ते बोलायचे आणि मी मान हलवायचे. मी एकूणच कमी बोलते. ताईंशीसुद्धा मीठ, पीठ, दूध एवढंच. पण आबा त्या तळ्याचं सांगायला लागले की मला तिथून उठावंसं वाटत नसे. माझं माहेर कोकणातलं, खाडीच्या काठावर. चार वर्षांत मी पाणी पाहिलं ते शहरातल्या कॉर्निशपाशी, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याशी, दगडांच्या भिंतीआड बांधलेलं.

आबांची परतीची तारीख जवळ आली तसा त्यांनी हट्ट धरला, एक दिवस मला पाण्यावर घेऊन चल. साहेब नको म्हणत होते. आबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. पाय घसरला तर उठवायचं कोणी?

"फौजेत मला डोंगरावरून खाली ढकललाय," आबा म्हणाले, "तेव्हा नाही विचारलं कुणी उठवायचं कोणी."

शेवटी फेब्रुवारीतला एक शुक्रवार ठरला. अल खोरच्या पुढे एक खाडी आहे, कांदळवनाची. ओहोटीला तिथून चालत एका वाळूच्या पट्ट्यावर जाता येतं आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला मोठे मासे येतात, असं साहेबांना ऑफिसात कुणी सांगितलं होतं. ताईंना मुलीला परीक्षेला न्यायचं होतं. त्या मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जाल? तुमची सुट्टी आहे, पण तुम्हाला पाण्याचं कळतं. आबांवर तेवढं लक्ष ठेवा."

मी लगेच हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी साहेब फोनवर पाण्याची वेळ बघत होते. "ओहोटी साडेदहाला संपते. म्हणजे साडेदहाला आपण बाहेर, आबा."

"पोचायलाच नऊ वाजणार. दीड तासात काय होतंय? काठी जोडेपर्यंत तास जातो." आबा माझ्याकडे वळले. "तू सांग गं. तू खाडीची. उद्या पाणी कधी फिरतंय?"

मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी नवमी होती.

आमच्याकडे पाण्याची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल त्या वाजता भरती पुरी. पुढे सहा तास ओहोटी. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे गणित शाळेतलं नाही. बाबांनी होडीत बसवून शिकवलेलं. सगळी वाडी बाबांना वेळ विचारायला यायची. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. पावणेसातला भरती, तिथून सहा तास. शिवाय अष्टमी-नवमीला आमच्याकडे भांग असतो. म्हणजे पाणी आळसावलेलं असतं, फार चढत नाही आणि फार उतरत नाही.

"पाऊण वाजेपर्यंत पाणी उतरतच राहील," मी म्हटलं. "आणि उद्या भांग आहे. फिरलं तरी भिण्यासारखं नाही."

त्या घरात मी एकदम एवढं कधी बोलले नव्हते. साहेबांनी फोनवरून मान वर केली. "नक्की, मावशी?"

"बाबांचा हिशेब कधी चुकला नाही."

"खलास!" आबा म्हणाले. महिन्याभरात तेवढा एक शब्द ते इथला शिकले होते. "ठेव तो फोन खिशात. यंत्राला काय कळतंय पाण्यातलं?"

साहेब हसले. म्हणाले, ठीक आहे, साडेअकरापर्यंत थांबू, मी सोबत असेनच. मला फार बरं वाटलं. रात्री डबे भरताना, मी शेवटचं कधी कुणाला काही सांगितलं होतं आणि ते लोकांनी ऐकलं होतं, ते मी आठवत होते.

सकाळी नवाच्या आधीच पोचलो. गाडी घट्ट वाळूवर लावली. समोर चिखलाचा सपाट उतार, मध्ये चर, म्हणजे पाण्याची दहा-बारा पावलांची वाट, आणि चरापलीकडे वाळूचा लांब पांढरा पट्टा. पट्ट्याच्या पुढे उघडा समुद्र. डाव्या हाताला कांदळाची झाडं दोन्ही बाजूंनी चरावर चालून आली होती. वास तोच होता, आमच्या खाडीचा. मी चपला काढल्या आणि पाय चिखलात दाबले. एकदम रडायला आलं, म्हणून खाली वाकून चपला उगाच साफ करत राहिले.

आबांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले. कानातलं यंत्र काढून डबीत घातलं आणि डबी माझ्याकडे दिली. "भिजलं तर सून मला भिजवेल."

साहेबांनी हात धरून त्यांना चर ओलांडून नेलं. पाणी आबांच्या नडगीपर्यंत होतं. काठी जोडून झाली, माशी बांधली. आणि मग मी ते पाहिलं, जे नुसतं ऐकत आले होते. पिवळी दोरी त्यांच्या डोक्यावरून मागे गेली, हवेत सरळ झाली, पुढे आली, आणि अशी उतरली की पाण्यावर वळसुद्धा उठला नाही. त्यांची बोटं आता थरथरत नव्हती.

तासभर तसाच गेला. मासा नाही लागला, पण आबा पाठमोरे असूनही खूश आहेत हे कळत होतं. दहा वाजून गेल्यावर साहेबांचा फोन वाजला आणि मध्येच बंद पडला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद. ते चर ओलांडून भराभर माझ्याकडे आले.

"प्लांटवरून आहे. इथे रेंज नाही, रस्त्यापर्यंत जाऊन येतो. मावशी, आबांकडे लक्ष ठेवा. दहा मिनिटांत आलो."

"हो," मी म्हटलं. गाडी वाळू उडवत गेली.

मी चटईवर बसून आबांकडे बघत होते. अंतर दोनशे पावलांचं असेल. चरातून कांदळाची सुकलेली पानं वाहत समुद्राकडे चालली होती, एकामागून एक. मग एक पान थांबलं. जागेवर फिरलं. आणि आत, जमिनीकडे यायला लागलं.

वारा असेल, मला वाटलं. मी फोनवर वेळ पाहिली. साडेदहाला पाच कमी.

मी पुन्हा बोटांवर मोजलं. नऊ त्रिक सत्तावीस. पावणेसात. पाऊण. अजून सव्वादोन तास पाणी उतरायला हवं. मग वाटलं, आज दशमी तर नाही लागली? दशमी असली तर वेळ आणखी पुढे जाते, मागे येत नाही. मी उठून पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि परत येऊन बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर काटकी पाण्यात होती. वाटलं, नीट कडेला रोवली नसेल. दुसरी रोवली. तीही पाण्यात गेली.

लहानपणी असं पाणी बघितलं असतं तर मी ओरडत घरी पळाले असते. हे लिहिताना मला कळतं की तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी उठले नाही. उठून सांगायचं काय? काल चारचौघांत मी पाऊण म्हटलं होतं, फोन खोटा पाडला होता. आता साडेदहाला जाऊन चला म्हटलं तर आबा विचारतील, काय गं, तुझी पाऊण कुठं गेली? त्यांचा हा एकच दिवस होता. आणि बाबांचा हिशेब चुकतो असं मला तोंडानं म्हणायचं नव्हतं. रस्त्याकडे बघत राहिले. साहेब येतील, ते सांगतील. साहेब आले नाहीत.

कुर्ल्या बिळांतून निघून वर सरकायला लागल्या. मी उभी राहिले. आबा ज्या वाळूवर उभे होते तिच्या मागच्या अंगाला एक सखल जागा होती. तिथे पाणी चमकत होतं. सकाळी ती कोरडी होती. पट्टा दोन तुकड्यांत तुटला होता आणि आबा लहान तुकड्यावर होते, समुद्राकडे तोंड करून. पाठीमागे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं, आणि ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. त्यांचे कान माझ्या पिशवीत होते.

"आबा!" मी हाक मारली. माझी मलाच नीट ऐकू आली नाही.

अकरा वाजले होते. मी ओढणी कमरेला गुंडाळली आणि पाण्यात शिरले.

चरात पाणी मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. थंड होतं, आणि आतल्या बाजूला जोरात ओढत होतं. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट सरकून जातं, शेपटीचा काटा मारत नाही. एवढं पायांना आठवत होतं. ती ओढ मला सकाळच्या उथळ वाटेवरून बाजूला नेत होती; मध्यावर तळ सुटला आणि मी चार हात पोहले. वीस वर्षांनी. पलीकडे वाळू लागली तशी पळाले. सखल जागेतलं पाणी गुडघ्यावर होतं.

आबांच्या मागे पोचले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. तोवर मी त्यांना कधी शिवले नव्हते. ते दचकले नाहीत, मागेही वळले नाहीत.

"थांब! थांब गं, लागलाय!"

काठी धनुष्यासारखी वाकली होती. रिळातून दोरी किरकिरत सुटत होती. लांब पाण्यात एक रुपेरी मासा वर उडाला, हातभर लांब, आणि पडला.

"बघितलास? बघितलास का? पिसावर घेतलाय त्यानं!"

मी त्यांचा दंड धरून त्यांना जोरानं मागे वळवलं. मासा लागलेल्या माणसाला कुणी असं करत नाही. ते रागानं माझ्याकडे बघायला लागले. मी हातानं मागे दाखवलं. त्यांनी पाहिलं. आम्ही उभे होतो ती वाळू अंगणाएवढी उरली होती. चर रुंद झाला होता, गाडीच्या जागेपर्यंत नुसतं पाणी दिसत होतं.

"एक वाजला का?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "माझं चुकलं, आबा. चुकलं माझं."

त्यांना ऐकू आलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, खिशातून दोरा कापायची छोटी कात्री काढली आणि दोरी कापली. मासा माशीसकट गेला. एवढ्या घाईतही त्यांनी कात्री पुसून खिशात ठेवली, मग काठी परत घेतली.

"कुठनं जायचं?"

सरळ जाता येणार नव्हतं. मध्यावर माझाच तळ सुटला होता. मी डावीकडे पाहिलं, कांदळाकडे. जिथे कांदळाच्या मुळ्या खिळ्यांसारख्या चिखलातून वर आलेल्या असतात, तिथे खाली मुळ्यांचं जाळं असतं, पाय रुतत नाही. आणि तिथे चर अरुंद होता, चार-पाच पावलांचा. खोल किती, ते कळत नव्हतं.

आम्ही पट्ट्याच्या कडेनं डावीकडे निघालो. पाणी आबांच्या बुटांच्या वर चढलं आणि आत भरलं. दहा पावलांवर त्यांचा उजवा पाय अडकला. मी खाली बसून, पाण्यात हनुवटीपर्यंत जाऊन, बूट धरून ठेवला आणि ते पाय उपसायला लागले. गुडघा वाकत नव्हता. त्यांच्या तोंडून एक शिवी निघाली आणि लगेच म्हणाले, "तुला नाही गं, गुडघ्याला." पाय निघाला. बूट तिथेच राहिला. दुसराही काढून टाकला.

मुळ्यांवर पोचलो. पायांना टोचत होतं, पण खाली घट्ट होतं. चरापलीकडे, अगदी समोर, कांदळाची एक फांदी पाण्यावर वाकली होती. मी ओढणी सोडली, एक टोक आबांच्या कमरेला घट्ट बांधलं, दुसरं माझ्या मनगटाला. त्यांच्या हातातून काठी घेऊन झाडात अडकवली. त्यांनी दिली, पण बघत राहिले तिच्याकडे.

"मी पलीकडे जाते. फांदी धरते. ओढणी ओढली की निघायचं. थांबायचं नाही."

मी हातांनी करून दाखवलं.

"हवालदाराला हुकूम करतेस?"

"हो. यल्ला!"

'चला, निघा' म्हणायचा हा इथला शब्द कुठून तोंडात आला, मला ठाऊक नाही. मी पाण्यात उतरले. दोन पावलांत गळ्यापर्यंत, तिसऱ्याला तळ नाही. पाणी मला आडवं ढकलत होतं. फांदीचा शेंडा हाताला लागला, निसटला, परत लागला. मी ती काखेत धरली, पायाखाली मुळी शोधली आणि ओढणीला झटका दिला.

आबा निघाले. एक पाऊल. दुसरं. पाणी त्यांच्या छातीवर आलं. त्यांचे डोळे माझ्यावर होते, अगदी मोठे. तिसऱ्या पावलाला ते बुडाले.

ते पाण्याखाली किती वेळ होते, ते मला सांगता येत नाही. मनगट तुटेल असं वाटत होतं. त्यांचा पांढऱ्या केसांचा माथा पाण्याखाली दिसत होता, तो आतल्या बाजूला वाहत चालला होता. मी फांदी दातांनीही धरली असती. ओढणी मनगटाला गुंडाळत, गुंडाळत आत घेतली. त्यांची कॉलर हाताला आली. कॉलरीला धरून वर खेचलं तेव्हा ते खोकले. त्यांच्या भारानं माझा पाय मुळीवरून निसटला आणि आम्ही दोघंही परत गळ्यापर्यंत खाली गेलो. पण आता त्यांच्या हाताला फांदी लागली होती. त्यांनी ती फौजेत दोर धरतात तशी धरली.

आम्ही रांगत चिखलावर आलो. त्यांचे ओठ निळे पडले होते. मी त्यांची पाठ चोळत होते. बराच वेळ ते पाणी ओकत होते, मग मान खाली घालून बसले.

"केवढा होता, बघितलास ना?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

गाडीचा आवाज आला. लांबून मला दिसलं, साहेब दार उघडं टाकून धावत पाण्याकडे आले. समोर पट्टा नव्हता. सगळीकडे पाणी, आमची चटई तरंगत होती. "आबा! आबा!" करत ते कपड्यांसकट पाण्यात घुसले. त्यांना पोहता येतं की नाही तेही मला माहीत नव्हतं.

मी उभी राहिले. पहिल्यांदा तोंड उघडलं तर आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा ओरडले, "साहेब! इकडे! इकडे आहेत!" ते थांबले, चारी बाजूंना बघायला लागले. मी ओढणी हलवत ओरडतच राहिले, ते आमच्यापाशी येऊन पोचले तरी.

आबांना चादरीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं, हीटर लावला. साहेब आबांवर चिडले. "मी साडेदहा म्हटलं होतं! फोनवर स्पष्ट होतं! कुणाचं ऐकत नाही तुम्ही!"

"बरं, नाही ऐकलं," आबा म्हणाले. "मीच नाही ऐकलं."

मी मागे बसले होते. अंगातून पाणी सीटवर गळत होतं. गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं.

"साहेब, पाऊण मी सांगितली होती," मी म्हटलं. "आणि पाणी फिरलेलं मला आधीच दिसलं होतं. साडेदहाच्या आतच. मी बसून राहिले."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "किती वेळ?"

"अर्धा तास."

"का?"

मग माझं बोलणं त्यांनी आबांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "तिला काय विचारतोस? तू कुठं होतास?" "फोन लांबला," साहेब म्हणाले. अल खोर मागे पडल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "इथला समुद्र वेगळा आहे, मावशी. तीन बाजूंनी कोंडलेला. काही दिवस तर चोवीस तासांत एकच भरती येते." माझ्यावर राग होता की नाही, ते त्या आवाजावरून कळत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होते. बाबांचा हिशेब बाबांच्या खाडीचा होता. मी तो सामानाबरोबर इथे घेऊन आले आणि दुसऱ्याच पाण्याला लावला.

घरी ताई दारातच होत्या. साहेबांनी वाटेत फोन केला होता, पण अर्धवटच सांगितलं असणार. आबांना खोलीत नेलं, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, ओळखीचे डॉक्टर येऊन तपासून गेले. छाती साफ आहे म्हणाले. मी स्वयंपाकघरात उभी होते, ओल्या कपड्यांत, कशाला हात लावावा ते सुचत नव्हतं. ताई आल्या आणि त्यांनी मला मिठीच मारली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"तुम्ही होता म्हणून, मावशी. तुम्ही नसता तर आज..."

त्यांच्या खांद्यावरून मला साहेब दिसत होते, दारात टॉवेल घेऊन उभे. माझी चूक त्यांना ताईंना केव्हाच सांगता आली असती. ते सांगणं माझ्यावर सोडून ते आत निघून गेले.

मी ताईंचे हात सोडवले. "ताई, आधी माझं ऐकून घ्या."

त्या स्टुलावर बसल्या. मी सगळं सांगितलं. तिथीपासून सुरुवात केली, मग पान, काटक्या, कुर्ल्या, आणि मी चटईवर बसून काय विचार करत होते तेही. मध्ये त्यांनी एकदा डोळे मिटले, पण मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"आबांना माहीत आहे हे?" त्यांनी विचारलं.

"हो. गाडीत त्यांच्यासमोरच बोलले. साहेबांनी त्यांना परत मोठ्यानं सांगितलं."

"मग आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, भूक लागलीय. घरी गेल्यावर भात टाक म्हणाले, मऊ."

ताई हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्या उठल्या. तांदळाचा डबा त्यांनीच काढला, दोन वाट्या पातेल्यात घेतल्या आणि नळाखाली धरल्या.

"तुम्ही कपडे बदला आधी," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "फरशीवर सगळं पाणी झालंय."